अमोनिया, अमोनाइट आणि मेंदूतलं शिंग

‘अमोनिया आणि अमोनाइट यांचं काही नातं आहे, की नुसता उच्चाराचा योगायोग?’ हा प्रश्न वारंवार येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: अमोनिया हा वायू, अमोनाइट हे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचं वळलेलं जीवाश्म. नातं आहे, पण फक्त नावापुरतं. दोन्ही नावं इजिप्तच्या आमोन देवावरून आली. एक त्याच्या देवळावरून, दुसरं त्याच्या शिंगांवरून.

देवळाची वाट आधी. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या सिवा इथे आमोनचं कौल देणारं देऊळ होतं. त्या मुलखातल्या मिठाला रोमन लोक ‘आमोनचं मीठ’ म्हणत. ते बहुधा साधं खनिज मीठच असावं. पुढे हे नाव नवसागराला, म्हणजे अमोनियम क्लोराइडला चिकटलं. नवसागरापासून मिळणाऱ्या झोंबऱ्या वायूला १७८२ मध्ये बर्गमन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ‘अमोनिया’ म्हटलं.

कल्हईत नवसागर का लागतो, तेही यातच आलं. सुमारे ३३८ अंश सेल्सिअसला तो न वितळता थेट वायुरूप होतो आणि त्याचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन भाग पडतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खातो, मगच कथील धातूला धरतं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे फसगत होते: कथील पातळ झालं म्हणजे भांडं तापलं असं वाटतं, पण नवसागर अजून पुरता कामाला लागलेला नसतो आणि कथिलाचे गोळे होऊन घरंगळतात. उलट फार तापवलं तर नवसागर क्षणात उडून जातो आणि कथील काळवंडतं. कल्हई करताना निघणारा पांढरा धूर म्हणजे दोन्ही वायू थंड होऊन पुन्हा झालेला नवसागरच.

आता शिंगं. आमोनला मेंढ्याची वळलेली शिंगं दाखवत, म्हणून तशा आकाराच्या जीवाश्मांना ‘आमोनची शिंगं’ म्हणायची पद्धत पडली; अमोनाइट हे नाव त्यावरूनच. प्लिनी या रोमन लेखकाच्या ग्रंथातही हा उल्लेख आहे. हे प्राणी गोगलगायीचे नव्हेत, माकूळ-ऑक्टोपसचे नातलग. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते संपले. नेपाळमधल्या काळी गंडकी नदीतल्या शाळिग्रामांत जी चक्रं दिसतात, ती बहुतेक यांचीच.

ओळखायचं कसं? गोगलगायीच्या शंखात आत कप्पे नसतात, अमोनाइटमध्ये असतात. नॉटिलस या आजही जिवंत असलेल्या कवचधारी नातलगामध्येही असतात, पण त्याची कप्पे जोडणारी नळी कप्प्यांमधल्या पडद्यांच्या मधोमध जाते; अमोनाइटची बहुधा बाहेरच्या कडेने. पडदे कवचाला जिथे टेकतात तिथली रेघही पाहा: नॉटिलसची साधी वळणदार, अमोनाइटची बऱ्याचदा पानाच्या कातरलेल्या कडेसारखी. कवच शाबूत असेल तर मात्र ती दिसतच नाही, आणि ओळखण्यात चुका होतात त्या इथेच.

आमोनचं नाव लागलेलं तिसरं ठिकाण मेंदू. कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा छेद घेतला की पेशींचा पट्टा आत वळलेला दिसतो. शरीररचनाकारांनी त्यालाही लॅटिनमध्ये ‘कॉर्नू आमोनिस’, म्हणजे आमोनचं शिंग, म्हटलं. त्याचीच आद्याक्षरं घेऊन भागांना सीए१, सीए२, सीए३ अशी नावं पडली. ऑक्सिजन तुटला की सीए१ मधल्या पेशी सर्वांत आधी मरतात, सीए२ मधल्या बऱ्यापैकी तग धरतात. डॉक्टर घाईत कॅन्सरलाही ‘सीए’ लिहितात. तेव्हा मेंदूच्या रिपोर्टमध्ये ‘सीए१’ दिसलं, तर आधी शेजारी ‘हिप्पोकॅम्पस’ लिहिलंय का ते बघा. घाबरायचं की नाही, ते नंतर डॉक्टरांना विचारून ठरवा.