मंदाकिनी अजगर : तिसऱ्या खर्ड्याची खबरबात

मंडळी, माझ्या कादंबरीचं नववं प्रकरण काल रात्री हातावेगळं झालं. दुसरा खर्डा ५२,००० शब्दांवर थांबला होता. तेवढ्याच कथाभागाला तिसऱ्या खर्ड्यात ३८,००० शब्द पुरले. आकडा घटल्याचा मला आनंदच आहे, कारण गळालेले बहुतेक शब्द पोकळ विनोदांचे होते.

नव्यांसाठी थोडक्यात: मंदाकिनी ही अजगर मादी. वरदान देताना झालेल्या घोटाळ्यामुळे ती माणसांना बाई दिसते, पण दिसण्यापुरतीच. रक्त, हाडं, भूक, झोप सगळं अजगराचं. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत ती काउंटरवर बसते.

पहिल्या खर्ड्यात ती नागीण होती. फणा, विष, रुबाब, सगळं होतं. एका सर्पमित्राने वाचून पहिल्याच पानावर खूण केली: अंधारात ऊब टिपणारे खळगे नागाला नसतात. चापडा नावाच्या विषारी सापाला असतात, अजगराच्या ओठांवरच्या खवल्यांत असतात, नागाला नाहीत. माझे निम्मे प्रसंग त्या उबेवर उभे होते. ते सोडवेनात, म्हणून मी साप बदलला. विष गेलं, रुबाब गेला आणि मंदाकिनी हे नाव मिळालं. मंद वाहणारी! ती कशाचीच घाई करत नाही आणि गार सकाळी तर तिला हलताच येत नाही. तिची ऊब बाहेरून यायची असते. कचेरीतलं उन्हाचं टेबल कुणाचं, यावरून तिसऱ्या प्रकरणात चाललेलं युद्ध त्यातूनच निघालं.

या खर्ड्यात मी एकच कसोटी लावली. विनोदातून अजगर काढून टाकायचा आणि त्याजागी परगावची भोळी बाई ठेवायची. तरीही हसू आलं, तर तो विनोद कापायचा. पहिल्या दोन खर्ड्यांत मंदाकिनी लिफ्टला घाबरायची, टेलिफोनशी भांडायची. ते सगळं गेलं. माणसाबाहेरच्या पात्राला अडाणी करणं सोपं असतं, पण तसं केलं की आपण त्याला हसतो आणि जग आहे तसंच राहतं. रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने १९१७ च्या निबंधात तोलस्तोयच्या एका कथेतल्या घोड्याचं उदाहरण दिलंय. माणसं ‘माझा घोडा’, ‘माझी जमीन’ म्हणतात ते त्या घोड्याला कळत नाही आणि त्याच्या न कळण्यातून मालकी हा शब्दच आपल्याला परका वाटू लागतो. घोडा मूर्ख नाही, तो त्याच्या जागी बरोबर आहे. मला मंदाकिनीकडून नेमकं हेच हवंय.

दुसऱ्या प्रकरणातला हा तुकडा कसोटीला उतरला:

“साहेब आज रजेवर आहेत,” शिपाई म्हणाला.

मंदाकिनीने खुर्चीकडे पाहिलं. बसण्याची जागा अजून चांगली तापलेली होती. खिडकीच्या पडद्याच्या मधोमध, माणसाच्या उंचीचा एक पट्टा हळूहळू ऊब धरत होता.

“बरं,” ती म्हणाली. “मग त्या पडद्याला तरी खुर्ची द्या. केव्हाचा उभा आहे बिचारा.”

इथे ती टोमणा मारत नाहीये. तिला जे दिसतं तेच ती बोलते. आधीच्या खर्ड्यात मी ‘ती गालात हसली’ असं लिहिलं होतं आणि त्या तीन शब्दांनी प्रसंग पार मेला होता.

ऐकण्याची गंमत मला फार उशिरा सापडली. सापाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो, पण आतला कान असतो आणि तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. त्यामुळे जमिनीची थरथर त्याला कळते. आवाज कळतो तो खर्जातला. म्हणून मंदाकिनी समोरच्याचं नीट ऐकायचं असलं की हनुवटी काउंटरवर टेकवते. ती जितकं मन लावून ऐकते, तितकी कंटाळलेली दिसते! तक्रारवहीतल्या सात तक्रारी नेमक्या त्या सात माणसांच्या आहेत, ज्यांचं तिने सगळ्यात लक्ष देऊन ऐकलंय.

आता वाक्प्रचारांबद्दल. आपल्या भाषेत साप इतका भरलाय की मोह आवरत नाही. सहकारी म्हणतो, “तुम्ही माझ्यावर डूख धरलाय,” आणि ती दोन्ही हात उघडे करून दाखवते. कुणी अपमान गिळला म्हटलं की ती काळजीने विचारते, पचायला किती दिवस लागले? असे बावीस होते, तीन ठेवले. सगळ्यात आवडता आहे तो “डोळे मिटून सही करा.” सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. तिला डोळे मिटताच येत नाहीत, म्हणून ती अख्खा कागद वाचते आणि कचेरीतली अफरातफर उघडी पडते. विनोदाने कथानक पुढे ढकललं की त्याची जागा पक्की होते, उरलेले एकोणीस नुसते शोभेचे होते.

याखेरीज एका विनोदाबद्दल अजून जीव तुटतोय. ब्रह्मी अजगराचं हृदय मोठं भक्ष्य गिळल्यावर ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. म्हणून मंदाकिनी जेवली की सगळे रजेचे अर्ज घेऊन धावतात, कारण त्या दोन दिवसांत ती खरोखर मोठ्या मनाची असते. ठेवलाय सध्या.

आणि आता नववं प्रकरण. इथे मी पाच आठवडे अडले होते. एक म्हातारे गृहस्थ बायकोची हरवलेली शाल न्यायला येतात. बायको आता नाही. मंदाकिनी शालीवरून जीभ फिरवते, शाल कुणाची ते तिला लगेच कळतं, पुरावा मागायची गरजच नसते. मग ते रडू लागतात आणि वाचकाला वाटतं, आता हिने त्यांना जवळ घ्यावं. पण अजगराने मिठी मारायची म्हणजे काय? विनोद करावा तर क्रूर होत होता, न करावा तर ती एकदम माणूस होऊन बसत होती.

वाट पुन्हा अजगरानेच दाखवली. भारतीय अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. एरवी बाहेरच्या उबेवर जगणारा हा प्राणी तेवढ्यासाठी स्वतः ऊब तयार करतो. म्हणजे मंदाकिनीला दोन वेटोळी ठाऊक आहेत. आणि बोआ (अजगरासारखेच भक्ष्य आवळणारे साप) यांच्यावरच्या २०१२ च्या एका प्रयोगातून कळलं की आवळलेल्या भक्ष्याच्या हृदयाचे ठोके त्यांना जाणवतात, ठोके थांबले की ते पकड सैल करतात. मी ती जाण मंदाकिनीलाही दिली.

तर ती काउंटर ओलांडून येते, त्यांच्याभोवती हात घालते आणि थरथरू लागते. गृहस्थांना वाटतं, ही बाई आपल्यासाठी रडतेय, आणि ते उलट तिचीच समजूत घालू लागतात. ती ठोके मोजत असते. सैल कधी सोडायचं हे तिला आजवर एकाच खुणेवरून माहीत होतं आणि आज ती खूण येऊ नये म्हणून ती जिवापाड सांभाळतेय. ठोके थांबत नाहीत, हळूहळू संथ होतात. संथ झाल्यावर सोडावं की धरून ठेवावं, हे तिला कळत नाही.

तिथेच प्रकरण तोडलंय. दहाव्यात ती कात टाकणार आहे. त्याआधीचे काही दिवस तिचे डोळे दुधाळ होतील, नीट दिसणार नाही आणि नेमका त्याच आठवड्यात अफरातफरीचा तपास सुरू होईल. पहिली चार पानं लिहून झालीत.