पिंगयाओ: शहर थांबण्यासारखं, स्टेशनवरचे गाडीवाले टाळण्यासारखे

चीनच्या शान्शी प्रांतातल्या पिंगयाओ या जुन्या तटबंदीच्या शहराला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. ही गोष्ट आम्हाला आधी कुणी नीट सांगितली असती तर पहिली रात्र मनस्तापात गेली नसती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जुन्या स्टेशनाचं नाव नुसतं ‘पिंगयाओ’. ते शहराच्या वायव्येला आहे आणि सॅक पाठीवर टाकून निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत पश्चिमेच्या वेशीत पोचता. दुसरं ‘पिंगयाओ गूचंग’, गूचंग म्हणजे जुनं शहर. फास्ट गाड्या याच स्टेशनावर थांबतात. २०१४ साली ताइयुआन ते शिआन हायस्पीड मार्ग सुरू झाला, तेव्हाचं हे स्टेशन. नावात जुनं शहर असलं तरी जुन्या शहरापासून ते सात-आठ किलोमीटर लांब आहे. आमच्या मुक्कामाच्या जागेच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं’ असं लिहिलेलं होतं. कुठलं स्टेशन ते मात्र लिहिलेलं नव्हतं. बीजिंगहून येणारी बहुतेक मंडळी फास्ट गाडीनेच येतात हे त्या मालकांना पक्कं ठाऊक असणार. तरीही असं लिहिणं म्हणजे सरळसरळ दिशाभूल आहे.

बीजिंगहून चारेक तासांचा प्रवास करून मी आणि माझा धाकटा भाऊ रात्री तिथे उतरलो. स्टेशनासमोरून १०८ नंबरची बस जुन्या शहराकडे जाते आणि ती अगदी स्वस्त आहे, पण आम्ही पोचेपर्यंत ती बंद झाली होती. मोबाइलवरून गाडी बोलावून पाहिली, बराच वेळ कुणी घेईना. बाहेर चार-पाच माणसं प्रवाशांच्या मागे लागत होती. त्यातल्या एकाने मोबाइलवर २० हा आकडा काढून दाखवला. वीस युआन म्हणजे आपले साधारण अडीचशे रुपये. एवढ्या अंतराला ते रास्त वाटलं. त्याने स्वतःच सॅक उचलून डिकीत टाकल्या आणि निघालो.

वेशीपाशी गाडी थांबली. त्याने परत मोबाइल काढला, या वेळी आकडा ८०. माणशी वीस आणि प्रत्येक सॅकचे वीस, असा त्याचा हिशेब. आम्ही आधीचा आकडा खुणेने दाखवला, त्याने मान हलवली. डिकी बंद, सॅक आत. पैसे मिळेपर्यंत तो डिकीला टेकून उभा राहिला. ऐंशी युआन देऊन सामान सोडवून घेतलं. वर मुक्काम अजून पाऊण किलोमीटर आत, कारण बऱ्याच गल्ल्यांत गाड्यांना बंदी आहे. वेशीत बॅटरीवर चालणाऱ्या उघड्या गाड्यांचे चालक परत नव्याने भाव सांगायला हजर होतेच. त्यांना हात जोडले आणि चालत गेलो.

हजार रुपयांनी कुणी भिकेला लागत नाही हे मान्य. पण रात्री उशिरा, भाषा येत नसताना, सामान अडकवून पैसे काढणं हा प्रकार मला अजून पचलेला नाही. तेव्हा पुढे जाणाऱ्यांनी हे करा. शक्य असेल तर दिवसाउजेडी पोचणारीच गाडी घ्या, म्हणजे बस मिळेल. अलीपे या चिनी पैसे देण्याच्या ॲपमध्येच दीदी या कंपनीची टॅक्सी बोलावता येते. दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागलं तरी थांबा, भाडं आधी दिसतं आणि ते बदलत नाही. स्टेशनवरच्या माणसाबरोबर जायचीच वेळ आली तर भाषांतराच्या ॲपमध्ये ‘दोघांचे मिळून, सामानासकट, दारापर्यंत’ एवढं लिहून दाखवा, त्याने होकार दिला की त्या पडद्याचा त्याच्यासमोर फोटो काढा. आणि सॅक मांडीवर. डिकीत नाही म्हणजे नाही.

तिकिटाचंही असंच. वेशीपाशी एक बाई आम्हाला सांगत होत्या की शहरात शिरायला तिकीट लागतं आणि त्या ते कमी पैशांत मिळवून देतील. साफ खोटं. जुन्या शहरात फिरायला एक पैसा लागत नाही. तिकीट लागतं ते तटावर चढायला आणि वाडे, पेढ्या, मंदिरं, जुनी कचेरी आतून बघायला. आम्ही गेलो तेव्हा एकत्र तिकीट १२५ युआनचं होतं, तीन दिवस चालणारं. ते अधिकृत खिडकीवर पासपोर्ट दाखवूनच घ्या.

आता तट. त्यासाठी मात्र सगळं विसरायला तयार आहे. सकाळी दार उघडल्या उघडल्या वर चढलो तेव्हा वर चिटपाखरू नव्हतं, आणि डावीकडे सगळं शहर राखाडी कौलांचं, वाड्याला वाडा लागून, पार टोकापर्यंत पसरलेलं. मी तिथे अक्षरशः ओरडलो. हा तट मिंग राजवटीत, १३७० साली उभा राहिला. घेर सहा किलोमीटरहून थोडा जास्त, उंची दहा-बारा मीटर. दक्षिणेला आणि उत्तरेला एकेक वेस, पूर्वेला आणि पश्चिमेला दोन दोन. लोक म्हणतात शहराचा आकार कासवाचा: दक्षिणेला डोकं, उत्तरेला शेपूट, पूर्व-पश्चिमेच्या चार वेशी म्हणजे पाय. तटावर ७२ टेहळणीच्या चौक्या आणि ३,००० चऱ्या (तटाच्या माथ्यावरचे दाते), कन्फ्यूशिअसच्या ७२ श्रेष्ठ शिष्यांचा आणि ३,००० विद्यार्थ्यांचा मान म्हणून.

आपले गड काळ्या दगडात बांधलेले. इथे आत ठोकून ठोकून घट्ट केलेली माती आणि बाहेरून विटांचं चिलखत. त्यामुळे मोठा पाऊस हा या तटाचा खरा शत्रू. ऑक्टोबर २०२१ च्या अतिवृष्टीत तो जागोजागी ढासळला, एका ठिकाणी तर पंचवीसेक मीटरचा भाग कोसळला. आम्हालाही एका ठिकाणी कठडे लावून वाट बंद केलेली दिसली आणि आलो तसं परत फिरावं लागलं. तेव्हा पूर्ण प्रदक्षिणा घालायचीच असा हट्ट धरून जाऊ नका. वर सावली नावाला नाही. उन्हाळ्यात गेलात तर नऊच्या आत उरका, टोपी आणि दोन लिटर पाणी हवंच. ज्यांनी सह्याद्रीत एखादा गड केलाय त्यांना दम लागण्यासारखं यात काही नाही.

वस्तुसंग्रहालयं वीसच्या आसपास आहेत. निम्म्याहून जास्त एकसारखी: अंगण, लाल कंदील, काचेच्या पेटीत जुन्या खुर्च्या. सगळी बघायच्या नादाला लागू नका. एक मात्र चुकवायचं नाही, ते म्हणजे रीशंगचांग. मूळची रंगाची पेढी. १८२३ साली तिचं रूपांतर हुंडीच्या पेढीत झालं, चीनमधली या धंद्यातली पहिली. चांदी गाड्यांवर लादून डाकूंच्या मुलखातून न्यायची त्याऐवजी इथे भरायची आणि हुंडी दाखवून दुसऱ्या शहरातल्या शाखेत घ्यायची. हुंडीवर महिना आणि रक्कम उघड लिहीत नसत. बारा महिन्यांसाठी बारा चिनी अक्षरं ठरलेली होती आणि ती ओळीने वाचली की खोट्या हुंडीपासून सावध राहा, शिक्का-मजकूर नीट बघा, असं वाक्य तयार व्हायचं. आत ती अक्षरं लावलेली आहेत. ऐंशी युआनचा घाव ताजा असलेला माणूस त्या पाटीपुढे बराच वेळ उभा राहतो. ज्यांच्या घरात कधीकाळी व्यापार झाला आहे त्यांनी या पेढीला निवांत दीड तास द्यावा.

राहायला दक्षिण रस्त्यावर, म्हणजे त्या उंच बाजार-मनोऱ्याच्या रस्त्यावर, अजिबात खोली घेऊ नका. रात्री उशिरापर्यंत दुकानांतून कर्णे चालू असतात. दोन गल्ल्या आत गेलं की आवाज संपतो. शंभर-दीडशे युआनमध्ये जुन्या वाड्यातली खोली मिळते. पलंगाच्या जागी ‘कांग’ असतो, भिंतीला लागून बांधलेला विटांचा ओटा, पूर्वी त्याखालून विस्तवाची ऊब फिरवत. वर गादी पातळ, पाठीला कडक. आम्हाला झोप उत्तम लागली. बुकिंग करताना एकच विचारा: परदेशी पासपोर्ट घेता का? पोलिसांकडे चोवीस तासांत तुमची नोंद करावी लागते आणि छोट्या जागांना ते जमत नसेल तर रात्री दारातून परत पाठवतात.

शाकाहारी मंडळींनी चिनी लिपीत ‘मांस नको, मांसाचा रस्साही नको’ हे मोबाइलवर तयार ठेवा, कारण नूडल्सवर भाज्या दिसल्या तरी खालचं पाणी हाडांचं असतं. टोमॅटो-अंड्याचे नूडल्स सगळीकडे मिळतात. ओटच्या पिठाच्या नळ्या उभ्या रचून वाफवतात, त्या शान्शीच्या काळ्या व्हिनेगरबरोबर अप्रतिम लागतात, फक्त सोबतची चटणी मटणाची नाही ना हे विचारा. इथलं प्रसिद्ध बीफ दर दुसऱ्या दुकानात पाकिटबंद विकायला असतं.

शुआंगलिन मंदिर सायकलने सहा किलोमीटर. रंगवलेल्या मातीच्या मूर्ती सुंदर आहेत, जा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: युरोप-अमेरिकेच्या लोकांना मिळते ती २४० तासांची बिनव्हिसाची सवलत आपल्याला नाही. रीतसर व्हिसा काढूनच निघा. अलीपेला आपलं कार्ड घरीच जोडून ठेवा. दोनशे युआनच्या आतल्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर तीन टक्के. सगळी कार्डं चालतातच असं नाही, म्हणून थोडी रोकड जवळ हवीच.

रेल्वेची तिकिटं ‘१२३०६’ या चिनी रेल्वेच्या ॲपवर १५ दिवस आधी उघडतात. १ ते ७ ऑक्टोबरच्या सुट्टीत इकडे फिरकूही नका. शिआनला जाताना आम्ही जाणूनबुजून जुन्या स्टेशनवरून साधी गाडी घेतली. फास्ट गाडीला तीन तास आणि दीडशे युआनच्या आसपास, साध्या गाडीला आठ-नऊ तास पण पैसे निम्म्याहून कमी, आणि स्टेशनपर्यंत पायी. डब्यात उकळतं पाणी फुकट मिळतं, तेव्हा चहापत्ती आणि पेला सोबत ठेवा. बसायच्या साध्या डब्यात रात्र काढू नका, शयनयान मिळत नसेल तर दिवसाची गाडी धरा.