केव्ही वाढवला की बरगड्या फिक्या का होतात

छातीचा साधा एक्स-रे ११० ते १२५ केव्हीवर (किलोव्होल्ट, म्हणजे एक्स-रे ट्यूबला दिलेला दाब; तो जितका जास्त तितकी किरणांची ऊर्जा जास्त) काढतात. त्याच छातीत बरगडीचं फ्रॅक्चर शोधायचं असेल तर ६५ ते ७५वर. इतका फरक कशासाठी, हे कळलं की एक्स-रेची निम्मी गोष्ट कळली.

शरीरात शिरलेला फोटॉन, म्हणजे किरणाचा एक कण, आरपार जातो, पूर्ण शोषला जातो किंवा इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलतो. पूर्ण शोषण, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक परिणाम, अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या पटीत वाढतो आणि ऊर्जेच्या घनाच्या पटीत घटतो. स्नायूंचा परिणामी अणुक्रमांक ७.४च्या आसपास, तर कॅल्शियममुळे हाडाचा १३च्या घरात. त्यामुळे कमी केव्हीवर ग्रॅमला ग्रॅम हाड स्नायूच्या पाच-सहा पट शोषतं, शिवाय हाडाची घनताही जास्त. म्हणून बरगडी पांढरीशुभ्र उठते. ऊर्जा दुप्पट केली की हे शोषण आठव्या हिश्श्यावर येतं. उरतं ते कॉम्प्टन विकिरण, म्हणजे इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलणं. त्याला अणुक्रमांकाशी फारसं देणंघेणं नाही, ते घनतेवर चालतं. बरगड्या फिक्या होतात आणि त्यांच्यामागचं, हृदयामागचं फुफ्फुस दिसू लागतं.

स्तनात उलट अडचण. चरबी आणि ग्रंथी यांच्यात फरकच थोडा, म्हणून मॅमोग्राफी २५ ते ३२ केव्हीवर होते. इतके मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण जाड थरातून पार होत नाहीत. स्तन दाबून पातळ करावा लागतो तो यासाठीही. दुखतं हे खरं, पण त्याशिवाय डोसही वाढतो आणि चित्रही धूसर येतं.

दिशा बदललेले फोटॉन वाकडे येऊन डिटेक्टरवर पडतात आणि कॉन्ट्रास्ट मारतात. जाड पोटात ते थेट आलेल्यांहून कितीतरी जास्त असतात. त्यांना शिशाच्या पातळ पट्ट्यांची ग्रिड अडवते, पण १०:१ ग्रिड (पट्ट्यांची उंची त्यांच्यामधल्या फटीच्या दहापट) लावली की एमएएस, म्हणजे ट्यूबमधला करंट गुणिले वेळ, थोडक्यात किरणांची एकूण मात्रा, चार-पाच पट लागतो. लहान मुलांना, पातळ हातापायांना ती नकोच. फोकस्ड ग्रिड, म्हणजे जिच्या पट्ट्या ट्यूबच्या रोखाने तिरक्या असतात ती, उलटी बसली तर मधला पट्टा ठीक आणि दोन्ही कडा पांढऱ्या येतात. असं चित्र आलं की मशीनला दोष देण्याआधी ग्रिड काढून तिची ट्यूबकडची बाजू बघा.

डिजिटलमध्ये मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. एमएएस कमी पडला तर चित्र दाणेदार दिसतं, लगेच कळतं. जास्त झाला तर सॉफ्टवेअर उजेड सारखा करून देतं, चित्र उलट गुळगुळीत दिसतं आणि रुग्णाला फुकटचा डोस बसतो. नुसतं चित्र बघून हे कळत नाही. प्रत्येक एक्सपोजरनंतर एक्सपोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले ते सांगणारा आकडा, बघा. तो सतत वर असेल तर आधी एमएएस उतरवा. जाड रुग्णात आत शिरायला किरणांची ताकद कमी पडत असेल तर केव्ही १५ टक्के वाढवून एमएएस निम्मा करता येतो. कॉन्ट्रास्ट थोडा घटेल, एवढंच.