कोरी राहिलेली ओळ

अमेरिकेत नैर्ऋत्य कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात मी गेली नऊ वर्षे शेतकऱ्यांची कर-विवरणपत्रे भरून देण्याचे काम करते. इथल्या वयस्कर शेतकऱ्यांच्या कागदांत १०९९-जी हा फॉर्म बहुधा असतोच. धूप होणारी जमीन पिकाखालून काढून तिच्यावर गवत राखल्याबद्दल केंद्र सरकार दरवर्षी जे भाडे देते, ते त्यावर नोंदलेले असते. १९८५च्या कायद्याने आलेल्या या योजनेला सगळे सीआरपी म्हणतात. करार दहा ते पंधरा वर्षांचा असतो आणि पैसे ऑक्टोबरात जमा होतात.

त्या मार्चमध्ये एक्क्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ नेहमीप्रमाणे बुटांच्या खोक्यात कागद घेऊन आले. त्यांची १६० एकर जमीन एकरी ३० डॉलरने, म्हणजे वर्षाला ४,८०० डॉलरने सीआरपीत होती आणि उरलेली त्यांनी खंडाने दिली होती. १४ एप्रिल १९३५च्या धुळीच्या वादळात भर दुपारी घरात कंदील लावावा लागल्याचे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते, आणि करार संपत आला की ते तो न चुकता पुन्हा करीत. त्यांच्या पँटच्या दुमडीत त्या दिवशीही गवताची कुसळे अडकलेली होती.

मागच्या वर्षीचे विवरण शेजारी ठेवून आकडे ताडून पाहताना शेड्यूल एसई या स्वयंरोजगार कराच्या फॉर्मवरची १बी ही ओळ मला कोरी दिसली. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन घेणाऱ्याच्या सीआरपीच्या पैशांवर स्वयंरोजगार कर लागत नाही, ही सवलत २००८च्या शेती कायद्याने दिली आहे आणि ती रक्कम याच ओळीत वजा दाखवायची असते. ती न दाखवल्याने बहुतेक रकमेवर १५.३ टक्के दराने कर लागून गेली पंधरा वर्षे त्यांचे वर्षाला सुमारे ६८० डॉलर जात होते. निवृत्तिवेतन त्याच विवरणात वरच्या पानावर लिहिलेले होते, तरी कोणी दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या नव्हत्या. ही विवरणे आमच्याच कार्यालयाने भरलेली होती आणि शेवटची दोन माझ्या हातची होती.

मी त्यांना सगळे तसेच सांगितले. ते बराच वेळ हिशेबाच्या कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “आणि त्याआधीची वर्षे?” परताव्याचा दावा साधारणपणे तीनच वर्षांचा करता येतो, त्यामुळे पंधरा वर्षांपैकी बारा वर्षांचे पैसे गेले ते गेलेच, हे सांगताना माझा आवाज नीट निघेना. सीआरपीच्या पैशाला लोक फुकटचे अनुदान म्हणतात, तेव्हा मला राग येतो. त्या जमिनीवर माणूस दहा वर्षे पीक घेत नाही आणि तण वाढले तर स्वतःच्या खर्चाने काढतो.

तीन वर्षांची १०४०-एक्स सुधारित विवरणे मी त्याच दुपारी तयार केली. आमच्या कार्यालयाच्या मालकांनी त्या कामाची फी घेतली नाही. सही झाल्यावर त्या गृहस्थांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि खोक्याच्या झाकणावर चार शेजाऱ्यांची नावे लिहिली. चौघेही सत्तरीपुढचे, चौघांचीही जमीन सीआरपीत, आणि चौघेही आमच्याकडेच येणारे. झाकण माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, “आधी यांचे बघा.”

रात्री नऊपर्यंत मी त्यांच्या फायली काढून बसले. दोघांची १बी ओळ कोरी होती.