तुम्ही विचारलंत म्हणून : जेरी फ्लेचर खरा ठरतो, त्याचं काय?

'कॉन्स्पिरसी थिअरी' हा चित्रपट पूर्वी तुम्ही इतक्या हौसेने दाखवत होता, त्यावर लेखही लिहिला होता, मग रसास्वाद वर्गाच्या यादीतून तो का काढलात, असे मला गेल्या काही वर्षांत इतक्या जणांनी विचारले आहे की एकदाच लिहून मोकळे झालेले बरे. बहुतेकांनी सरळ विचारले. काहींनी मात्र आवाज खाली आणून 'कुणी दबाव आणला का?' असे विचारले. कटकारस्थानावरचा चित्रपट यादीतून गळला तर त्यामागेही कटच असणार, हा तर्क ऐकून पहिल्यांदा मला हसू आले होते; आता येत नाही. दबाव कुणीही आणलेला नाही. माझ्या यादीची दखल घेण्याइतकी सवड कुठल्या सरकारला असेल असे मला वाटत नाही.

हा रिचर्ड डॉनर यांचा १९९७ सालचा थरारपट. तो संपल्यावरची चर्चा मी इतक्या वेळा ऐकली आहे की कोण काय म्हणणार, हे मी दिवे लागण्याआधीच सांगू शकते. एका गटाचे म्हणणे असते की पहिला तास उत्तम आहे. टॅक्सीत बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जगाची गुपिते ऐकवणारा न्यूयॉर्कचा टॅक्सीचालक जेरी फ्लेचर, मोजक्या वर्गणीदारांना तो टपालाने पाठवत असलेले वार्तापत्र, फ्रिजला आणि फ्रिजमधल्या डब्यांनाही लावलेली आकड्यांची कुलपे, आणि ते सारे जिवंत करणारा मेल गिब्सन. पण पुढे पाठलाग, हेलिकॉप्टर आणि प्रेमकथा सुरू झाली की वेगळाच चित्रपट चालू झाल्यासारखे वाटते. हा आक्षेप मला पूर्वीही मान्य होता. पटकथाकार ब्रायन हेल्गलंड यांना हे जमत नव्हते असेही म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षीच्या 'एल. ए. कॉन्फिडेन्शियल'च्या सहलेखनासाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

दुसरा गट, आणि त्यात बायका अधिक असतात, जुलिया रॉबर्ट्सने साकारलेल्या अ‍ॅलिस सटनबद्दल बोलतो. न्याय खात्यातल्या या वकील बाईच्या खिडकीवर जेरी रस्त्यावरून दुर्बीण लावून बसतो, आणि चित्रपट पुढे त्याला कारण पुरवून ते सारे प्रेमात जमा करतो. कारण कितीही हळवे असले तरी तिला न विचारता तिच्याकडे रोखलेली ती दुर्बीण आहे, असे एका मुलीने मला भर वर्गात सुनावले होते. माझ्या जुन्या लेखात मी या प्रसंगाला 'मूक पहारा' म्हटले आहे. मुलीचे बरोबर होते आणि माझे चूक होते. पण यादीतून चित्रपट काढण्याचे कारण ते नाही, एवढीच नोंद करून पुढे जाते.

कारण तिसऱ्या गटापाशी आहे. या गटातला माणूस चर्चा संपत आल्यावर हात वर करतो आणि विचारतो, 'पण हे खरंच घडलं होतं ना?' हे म्हणजे, जेरीच्या मनावर ताबा मिळवून त्याला मारेकरी बनवू पाहणारे जे सरकारी प्रयोग चित्रपटात उघड होतात ते. एके काळी या प्रश्नाची मी वाटच पाहत असे. हो, घडले होते, असे म्हणून मी तारखा सांगायला लागत असे. सीआयएचे प्रमुख अ‍ॅलन डलेस यांनी १९५३ मध्ये एमके-अल्ट्रा या कार्यक्रमाला मंजुरी दिली. सिडनी गॉटलिब या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली माणसांच्या मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांतल्या अनेकांना आपल्याला एलएसडी हे भास निर्माण करणारे रसायन दिले जात आहे याची कल्पनाही नव्हती. फ्रँक ओल्सन या शास्त्रज्ञाला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पेयातून गुपचूप एलएसडी पाजण्यात आले आणि थोड्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून त्याचा मृत्यू झाला. घरच्यांना एलएसडीची गोष्ट कळली ती १९७५ मध्ये, आणि मग अध्यक्ष फोर्ड यांनी त्यांची माफी मागितली. १९७३ मध्ये प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी कार्यक्रमाची कागदपत्रे नष्ट करवली होती, परंतु हिशेबाच्या दप्तरात राहून गेलेली सुमारे वीस हजार पाने १९७७ मध्ये सापडली आणि सिनेटपुढे सुनावणी झाली. हे सांगताना वर्गात जी शांतता पसरे ती मला फार आवडत असे. चित्रपटात दाखवला आहे तसा ठोकून-ठाकून घडवलेला मारेकरी या कार्यक्रमातून निघाल्याचा पुरावा उरलेल्या कागदांत नाही, हे वाक्यही मी बोलत असे, पण ते शेवटी, खुर्च्या सरकू लागल्यावर.

त्याच सुमारास मी तो लेख लिहिला. त्यातले एक वाक्य लोक अजून मला ऐकवतात: 'जेरी फ्लेचर वेडा नाही, झोपलेल्या शहरात तो एकटा जागा आहे.' वाक्य चटकदार आहे. ज्या बाईने ते लिहिले तिला तोवर रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाबरोबर एका छताखाली राहावे लागले नव्हते.

माझ्या दादाचा आजार लेखानंतर सुरू झाला आणि मी त्याला हा चित्रपट दाखवला तो त्याच्याही दोन वर्षांनंतर. हा क्रम मुद्दाम सांगते, म्हणजे चित्रपटाने माणूस आजारी पडला असा अर्थ कुणी काढणार नाही. फोनवर कुणीतरी ऐकते, समोरच्या इमारतीतले एक बिऱ्हाड आपल्यासाठीच तिथे आणून बसवले आहे, जुन्या नोकरीत नजरेखालून गेलेल्या एका फाइलपासून हे सारे सुरू झाले, अशी त्याच्या संशयाची मांडणी होती. ती मांडणी गबाळी नव्हती. ती तारीखवार होती आणि कुठल्याही प्रश्नाला तिच्यात उत्तर होते. औषधे चालू होती, पण गोळ्या बदलल्या आहेत असे वाटले की तो त्या घेत नसे. वाद घालून जे होत नाही ते हसून होईल, असे माझ्या मनाने घेतले. जेरीवर प्रेक्षक हसतात ते मायेने हसतात. दादा त्याच्यावर हसला तर स्वतःकडे पाहण्यापुरते अंतर त्याला मिळेल, असा माझा हिशेब होता. या हिशेबात मी स्वतःच्या रसिकतेवर किती खूश होते, ते आज आठवले की कसनुसे होते.

सुरुवातीला हिशेब जुळत होता. टॅक्सीतल्या त्या बडबडीला दादा मोठ्याने हसला, कित्येक महिन्यांनी. आई स्वयंपाकघरातून हात पुसत दारापर्यंत आली, आमच्याकडे पाहून परत गेली. फ्रिजच्या कुलपांचा प्रसंग आला तेव्हा मी हसले आणि एकटीच हसते आहे हे माझ्या लक्षात आले. दादा पुढे झुकून कुलूप कसले आहे ते पाहत होता. मग पुस्तकाच्या दुकानातला प्रसंग आला. 'द कॅचर इन द राय'ची आणखी एक प्रत घेतल्याशिवाय जेरीला राहवत नाही, आणि त्या खरेदीची नोंद होताच शोधणाऱ्यांना त्याचा माग लागतो. दादाने हात वर केला. 'थांबव.' मी थांबवले. तो माझ्याकडे वळला आणि अगदी शांतपणे, लहानपणी माझा अभ्यास घ्यायचा त्या स्वरात, त्याने विचारले, 'ही डीव्हीडी कुणाच्या नावावर घेतलीस?'

मी म्हणाले, 'अरे दादा, रोख पैसे देऊन घेतली.'

शब्द तोंडातून गेल्यावर मी काय केले ते मला कळले. कुणाच्या नावावर घेतली याने काहीही बिघडत नाही, असे म्हणायला हवे होते. त्याऐवजी मी त्याच्या जगातले बरोबर उत्तर दिले होते. त्याने मान डोलावली, 'बरं केलंस' म्हणाला आणि पुढे लावायला सांगितले. जेरीच्या पापण्या चिकटपट्टीने उघड्या ठेवून त्याला सुई टोचतात, तो प्रसंग मी पुढे ढकलू पाहत होते. त्याने तो पूर्ण पाहिला. चित्रपट संपल्यावर तो जरा वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, 'त्याच्या शंभर गोष्टी चुकल्या असतील. एक खरी निघाली ना? ती एक कुठली, हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्याच धरून ठेवाव्या लागतात.'

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि अजूनही पुरते नाही. उत्तर नव्हते म्हणून मी वर्गातले व्याख्यान सुरू केले. खरे काय घडले आणि चित्रपटाने काय जोडले, यांची नीट वाटणी करून दिली की त्याला आधार मिळेल, असे वाटून मी डलेस, गॉटलिब, हेल्म्स असे सगळे सांगत गेले, आणि मारेकरी घडवल्याचा पुरावा कागदांत नाही या वाक्यापाशी पोचले. 'कागद तर त्यांनीच नष्ट केले, असं तूच आत्ता म्हणालीस,' दादा म्हणाला. मी तसे म्हणाले होतेच. सरकारने खरोखर लपवलेल्या गोष्टीची कागदपत्रे आणि मुळात न घडलेल्या गोष्टीची कागदपत्रे, दोन्ही शोधणाऱ्याला सारखीच रिकामी फाइल मिळते.

तिसऱ्या रात्री काच फुटल्याचा आवाज झाला. जेरी दाराच्या मुठीवर रिकामी बाटली तोलून ठेवतो, म्हणजे कुणी बाहेरून मूठ फिरवली तर ती पडून जाग यावी. दादाने आपल्या खोलीच्या दाराला तेच केले होते, आणि रात्री तो झोपला आहे का हे पाहायला आईने मूठ फिरवली होती. मी दिवा लावला तेव्हा ती एका पायावर उभी होती. काच टाचेत गेली होती. दादानेच तिला खुर्चीवर बसवले, टाच मांडीवर घेतली आणि टेबलावरचा दिवा खाली ओढून चिमट्याने एकेक कण काढला; त्याचा हात जराही हलत नव्हता. 'दुखतंय का गं?' असे तो मधूनमधून विचारत होता. शेवटचा कण बशीत टाकल्यावर, टाच तशीच मांडीवर असताना, त्याने वर न पाहता विचारले, 'आई, तू दार कशाला उघडत होतीस?'

हे मी आजवर वर्गात कधी सांगितले नाही. डॉक्टरांना सांगितले. चित्रपट नसता तर त्याला दुसरे काही मिळाले असते, बाटली नाही तर साखळी, असे ते म्हणाले, आणि ते खरेच असणार. मग यादीतून चित्रपट काढणे हा माझ्या अपराधी मनाने लावलेला दंड झाला, त्यात प्रेक्षकांचा काय दोष, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. एका गृहस्थांनी तर मला लिहिले की २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीचे एवढे कागद जगापुढे आणल्यानंतर संशयी माणसाचा चित्रपट मागे घेणे म्हणजे पाळत ठेवणाऱ्यांच्या सोयीचे वागणे आहे. त्यांचा मुद्दा मी फेटाळू शकत नाही. सरकारे नागरिकांपासून भयंकर गोष्टी लपवतात हे मला नाकारायचे नाही. ते नाकारून मी दादाला समजावू पाहिले असते तर ते खोटे ठरले असते, आणि खोटे त्याला लगेच कळते.

माझी तक्रार थोडी निराळी आहे, आणि ती मला चित्रपटापेक्षा माझ्या त्या जुन्या लेखाबद्दल अधिक आहे. १९७४ च्या 'द पॅरॅलॅक्स व्ह्यू'मध्ये कटाचा माग काढणारा वार्ताहर मारला जातो आणि वर मारेकरी म्हणून त्याच्यावरच शिक्का बसतो. त्याच वर्षीच्या 'द कॉन्व्हर्सेशन'मध्ये जीन हॅकमनचा हॅरी कॉल, पाळतीचा धंदा करणारा माणूस, टेपवरचे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतो आणि तरी त्यातला जोर कुठल्या शब्दावर आहे हे चुकतो. शेवटी ऐकण्याचे यंत्र सापडावे म्हणून स्वतःच्या घराची जमीन उखडतो आणि ते सापडत नाही ते नाहीच. डॉनर यांच्या चित्रपटात संशयाला बक्षीस मिळते. जेरी खरा ठरतो, सुंदर बाई त्याच्यावर विश्वास ठेवते, आणि मेला म्हणून रडून झाल्यावर तो जिवंत असल्याचेही आपल्याला कळते. या बक्षिसाला मी 'जागा असणे' असे भारदस्त नाव दिले होते.

म्हणून सध्या मी 'द कॉन्व्हर्सेशन' दाखवते. तो संथ आहे अशी तक्रार येते, आणि जेरीसारखा माणूस त्यात नाही, कुणी हसत नाही. ही तक्रार ऐकताना टॅक्सीतल्या बडबडीला दादा हसला होता ते आठवते, आणि त्या हसण्याचे श्रेय मी डॉनर यांच्याकडून काढून घेऊ शकत नाही. उद्या कदाचित मी तो पुन्हा यादीत घेईन. यंदा घेतलेला नाही.

दादा आता बऱ्यापैकी बरा आहे. गोळ्या स्वतःच्या हाताने घेतो आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाला गणित शिकवतो. गेल्या महिन्यात जेवताना त्याने सहज विचारले, 'तुझा तो टॅक्सीवाल्याचा सिनेमा आहे का गं अजून? पहिला भाग मजेदार होता.' मी म्हणाले, नाही, कुणीतरी नेला तो परत आणला नाही. डीव्हीडी माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात, जुन्या वह्यांच्या मागे. दादाने घास तोंडाजवळ धरून माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि म्हणाला, 'असू दे.'