भुशापासून डिझेल होतं हो, पण आधी तो भुसा वाळवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड येतोच, लाकडाच्या भुशापासून डिझेल, आता पेट्रोल पंपांना टाळं वगैरे, आणि खाली सगळ्या काकांचे अंगठे. तर यात थाप नाहीये. स्वीडनमधे येव्ले नावाच्या गावात (नाशिकवालं नव्हे) एका मोठ्या सॉ मिललाच चिकटून 2021 मधे असा प्लांट सुरू झाला. भुसा हवा लागू न देता साधारण 500 डिग्रीला काही सेकंद तापवायचा, त्याची वाफ होते, ती पटकन थंड केली की काळपट, धुरकट वासाचं तेल हाती येतं.

फॉरवर्डमधे न सांगितलेली गोष्ट म्हणजे हे तेल तसंच गाडीत ओतलं तर इंजिनची वाट लागेल. ते आंबट असतं म्हणजे ॲसिडिक, त्यात जवळजवळ पाव भाग पाणी असतं आणि डिझेलमधे ते मिसळतही नाही, म्हणून ते पुढे रिफायनरीत न्यावं लागतं आणि मग कुठे त्याचं पेट्रोल-डिझेल होतं. म्हणजे बारा महिने एकाच जागी डोंगराएवढा भुसा पाहिजे, शिवाय तेल घेणारी रिफायनरी पाहिजे. आपल्या वखारींचं तसं कुठंय? चार पोती इथे, दहा तिथे, त्यात साग, आंबा, निलगिरी सगळं एकत्र.

आणि खरं सांगू का, आपल्याकडे भुसा कधी फुकट गेलाच नाही. पोल्ट्रीवाले नेतात, बर्फाच्या लादीवर टाकतात, आणि आजीकडची भुशाची शेगडी आठवतेय का कुणाला? पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक, मधे बाटली उभी ठेवायची, खालच्या भोकातून एक दांडकं आत बाटलीपर्यंत सरकवायचं आणि भोवती भुसा ठेचून ठेचून भरायचा. मग बाटली फिरवत हळूच वर काढायची, दांडकं ओढायचं, झाली चिमणी तयार. खालून पेटवलं की तासन् तास मंद जळणार, पाणी तापतंय, डाळ शिजतेय, आणि मधेच भुसा ढासळला की घरभर धूर आणि शिव्या.

आता त्याच भुशाचे ब्रिकेट, म्हणजे जळणासाठी दाबून केलेले दांडे करतात, ज्याला पांढरा कोळसा म्हणतात (रंगाने तपकिरी असतो, असो). कोल्हापूरकडे माझ्या मित्राचं छोटं युनिट आहे, तिथे जाऊन बघितलं. धाडधाड आवाज करत दट्ट्या भुशाला डायमधे (म्हणजे साच्यात) हाणतो, त्या दाबाने आणि उष्णतेने लाकडातलंच लिग्निन (लाकडाचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ) मऊ होऊन चिकटतं, वेगळा डिंक-बिंक काही लागत नाही, आणि बाहेर मनगटापेक्षा जाड गरम दांडा सरकत येतो. फक्त भुशात ओल दहा टक्क्यांच्या आसपास पाहिजे, आणि ताज्या कापलेल्या लाकडात तर निम्मं वजन पाण्याचंच असतं! ओल जास्त झाली की आत वाफ कोंडते आणि दांडा फुटतो. मित्र म्हणाला, "आमचा धंदा ब्रिकेटचा नाही रे, वाळवणाचा आहे." वर भुशात वाळू आली की डाय झिजते, खिळा आला तर बघायलाच नको.

उष्णतेचं म्हणाल तर किलोला साधारण 4000 किलोकॅलरी, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याचशा दगडी कोळशाइतकीच, पण त्या कोळशात 35-40 टक्के राख असते आणि साध्या लाकडाच्या भुशात एक-दोन टक्के. इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांना, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्यांना, वाफच हवी असते, ती याने मस्त मिळते, मग आधी तेल काढा, मग रिफायनरी, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? माझं मत विचाराल तर भुसा जिथे पडतो तिथल्याच जवळच्या बॉयलरमधे जाऊ दे, लांब नेला की ट्रकच्या डिझेलमधेच फायदा संपतो.

भीती मला एकाच गोष्टीची वाटते. बॉयलरला रोज खायला लागतं, आणि भुसा कमी पडला की कुणीतरी बांधावरची उभी झाडं कापून चिपर मशीनमधे घालणार आणि त्यालाही कचराच म्हणणार. घेणाऱ्याने माल कुठून आला ते विचारलंच पाहिजे.

कुणी युनिट टाकायच्या विचारात असेल तर मशीनच्या कोटेशनआधी शेडचं बघा. कोल्हापूरच्या पावसात ब्रिकेट एकदा भिजलं की फुगून परत भुसाच होतो, आणि तो परत वाळवायचा म्हणजे दुप्पट खर्च.