उत्तरपूजेआधीची दहा मिनिटं

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्या मंडळाचं संमेलन असतं. दीपप्रज्वलन, हिशेबवाचन, देणगीदारांना श्रीफळ, हे सगळं वेळेत उरकतं. मी मात्र वाट बघत असतो ती गुरुजींची.

चाळीतल्या दोन पिढ्यांना अथर्वशीर्ष त्यांनीच शिकवलं. भाषण दहा मिनिटांचं आणि विषय एकच रीत. एका वर्षी दूर्वा घेतल्या: एकवीस जुड्या, प्रत्येक जुडीत पाती विषम, आणि अनलासुराला गिळल्यावर बाप्पाच्या अंगाची आग दूर्वांनी शमली ती कथा. एका वर्षी मंत्रपुष्पांजली. आपण टाळ्यांच्या तालात म्हणतो त्या ‘यज्ञेन यज्ञमयजन्त’चं मूळ ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात आहे, हे मला तेव्हा कळलं.

पण मनात घर करून राहिलं ते उत्तरपूजेवरचं भाषण. पार्थिव मूर्ती म्हणजे पृथ्वीची, मातीची. प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देव येतो, उत्तरपूजेत त्याला निरोप द्यायचा. अक्षता वाहायच्या, ‘पुनरागमनाय च’ म्हणायचं आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. ‘किती? एवढीच,’ म्हणत गुरुजींनी टेबलावरचं पितळी फुलपात्र दोन बोटांनी तसूभर सरकवलं. पाणी हिंदकळलं, सांडलं नाही. सगळा मांडव गप्प. दुसऱ्या दिवशी बाप्पाच्या हातावर दही ठेवताना माझा हात थरथरत होता.

हे ऐकायला माणसं किती? पुढच्या चार रांगा. महाप्रसादाला मात्र रांग थेट फाटकापर्यंत. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी दरवर्षी बैठकीत बोलून दाखवतो. १८९३च्या सुमारास लोकमान्यांनी हा उत्सव चौकात आणला तो माणसांनी एकत्र बसावं, ऐकावं म्हणून. मेळे आणि व्याख्यानं हाच तेव्हा उत्सवाचा जीव होता. दहा मिनिटं बसणं एवढं जड का व्हावं?

जे येतात, राबतात, त्यांची नावं इथे घालत नाही, पण विसरलोही नाही. पहाटे दूर्वा निवडणाऱ्या तळमजल्यावरच्या आजी, उकडीच्या मोदकांना बसणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या तिघी जावा, माईक सांभाळणारा कॉलेजातला मुलगा, पावती पुस्तकं घेऊन जिने चढणारे दोघे भाऊ, रात्रभर मांडवात झोपणारी पोरं, सतरंज्या झटकून घड्या घालणारे वॉचमनकाका, निर्माल्य वेगळं काढणाऱ्या ताई. आणि हो, ताशाचं कातडं तापवून देणारा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. कोणी राहिलं असेल तर मला हक्काने सांगा, पुढच्या वेळी पहिलं नाव त्यांचं.

गेल्या वर्षी गुरुजी उभे राहून बोलले, पण शेवटी टेबलाचा आधार घेत होते. यंदा त्यांच्यासाठी हातांची खुर्ची आणायला सांगून ठेवलंय. पितळी फुलपात्र मी घरून घासून आणणार आहे.